मिसरूड फुटण्याआधी आणि नंतर

मी अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांची डॉक्टर आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी माझा दवाखाना आहे आणि आसपासची माणसं मला ‘हार्मोनवाल्या मॅडम’ म्हणून ओळखतात. येणारे बहुतेक मधुमेहाचे किंवा थायरॉइडचे. पण टेस्टोस्टेरॉनसाठी येणारेही आता थोडे राहिलेले नाहीत. मुलाची उंची वाढेना म्हणून काळजीत पडलेली आई येते, जिममधला तरुण येतो, मूल होत नाही म्हणून जोडपं येतं, हनुवटीवरच्या केसांनी हैराण झालेली कॉलेजातली मुलगी येते, पन्नाशीतला थकलेला गृहस्थ येतो. बहुतेकांच्या मनात या संप्रेरकाचं चित्र आधीच पक्कं झालेलं असतं. कुणाला ते म्हणजे मर्दानगी वाटते, कुणाला राग आणि दांडगाई. मला दोन्ही चित्रं चुकीची वाटतात, आणि दुसरं तर घराघरांतल्या बायकामुलांना महागात पडणारं वाटतं. कामातून जे शिकले ते इथे मांडते.

१. शेतकऱ्याला हे आधीपासून माहीत होतं.

माझे वडील शेतकरी. खोंड कधी बडवायचा याचा त्यांचा हिशेब पक्का असे. फार लवकर बडवला तर तो पायांनी उंच होतो, पण मान बारीक राहते, वशिंड भरत नाही आणि जुवाखाली तो कमी पडतो. फार उशीर केला तर अंगात मुरलेला वळूपणा जात नाही, दावणीला आवरत नाही. म्हणून दोन दात झाले की जनावरांच्या दवाखान्यात नेऊन चिमटा लावायचा. पुढे मेडिकलला संप्रेरकांचा विषय आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या हिशेबात सगळं होतं. वृषणातून निघणारं काहीतरी हाडं आणि स्नायू घडवतं, स्वभावावरही त्याचा परिणाम होतो, आणि ते कोणत्या वयात किती मिळालं यावर पुढचं सारं ठरतं. एकदा घडलेलं मागे फिरत नाही.

जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन इथे आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी १८४९ मध्ये कोंबड्यांवर हेच तपासलं. वृषणं काढलेल्या कोंबड्यांचा तुरा खुरटा राहिला, ते आरवेनात, भांडेनात. काही कोंबड्यांच्या पोटात वृषण परत ठेवलं, तेही मूळ जागी नाही. तरी ते कोंबडे नेहमीसारखे वाढले, आरवले, भांडले. मज्जातंतूंची जोडणी तर तुटलेली होती, म्हणजे जे पोचत होतं ते रक्तातून. ते रसायन शुद्ध रूपात हाती यायला १९३५ साल उजाडलं. ॲमस्टरडॅमला एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने ते वळूंच्या वृषणांतून वेगळं काढलं, आणि त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. या दोघांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

२. पहिलं मोठं काम जन्माआधीच झालेलं असतं.

गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलाच्या आणि मुलीच्या जननग्रंथींत फरक दिसत नाही. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं जनुक असतं. त्याचा शोध १९९० मध्ये लागला. ते कामाला लागलं की ग्रंथीचं वृषण होतं, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास त्यातून टेस्टोस्टेरॉन स्रवू लागतं. त्याच्यामुळे आतल्या पुरुष-नलिका टिकतात. त्याच्यापासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमुळे बाहेरचे अवयव मुलाचे होतात. हे दोन्ही मिळालं नाही तर बाहेरची घडण मुलीची होते.

हे पुस्तकातलं ज्ञान अंगावर येतं ते प्रसूतिगृहातून फोन आल्यावर. ‘मॅडम, बाळ मुलगा आहे की मुलगी, कळत नाहीये.’ मी पोचते तेव्हा आजी दाराशीच उभी असते, पेढे आणायचे की बर्फी एवढंच तिला हवं असतं. मी तिला सांगते, ‘आजी, आज दोन्ही नको. बाळाला जपायचंय.’ कारण अशा बाळांमध्ये अधिवृक्क ग्रंथींचा एक जन्मजात विकार आधी तपासावा लागतो. त्यात कॉर्टिसोल बनत नाही आणि त्या वाटेवरचा कच्चा माल पुरुष-संप्रेरकांकडे वळतो. मुलीच्या गर्भावर तो मारा झाला तर जन्मतः तिचे अवयव मुलासारखे दिसू शकतात. याच विकारात शरीरातलं मीठ वाहून जातं. दुसऱ्या आठवड्यात बाळ उलट्या करतं, मलूल पडतं, आणि निदान झालं नाही तर दगावतं. मुलगा की मुलगी हा प्रश्न चार दिवस थांबू शकतो, सोडियम-पोटॅशियम थांबत नाही. वेळेत औषध सुरू झालेली ही मुलं छान वाढतात; औषध मात्र जन्मभर घ्यावं लागतं.

अशा मुली मोठ्या होताना पाहणं हा माझ्या कामातला एक आनंद आहे. अनेकींना गाड्या, धावाधाव, झाडावर चढणं बाहुल्यांपेक्षा जास्त आवडतं. शेरी बेरेनबॉम आणि मेलिसा हाइन्स यांनी १९९२ मध्ये अशा मुलींच्या खेळण्यांच्या आवडीचा अभ्यास करून हेच दाखवलं होतं. म्हणजे जन्माआधीच्या टेस्टोस्टेरॉनचा मेंदूवर काही ठसा उमटतो. पण यातल्या बहुसंख्य मुली स्वतःला मुलगीच मानतात, आणि त्यांचा झाडावर चढण्याचा हट्ट हा काही आजार नव्हे. आयांना मी हे ठासून सांगते.

याच्या उलट टोकाची मुलगी सोळाव्या-सतराव्या वर्षी येते. पाळी आलेली नाही, बाकी सगळं मुलीचं. तपासलं तर गुणसूत्रं एक्सवाय, रक्तात मुलाइतकं टेस्टोस्टेरॉन. पेशींमधला टेस्टोस्टेरॉनचा ग्राहक जन्मापासून काम करत नाही, त्यामुळे एवढं टेस्टोस्टेरॉन असूनही शरीरावर त्याचा काही परिणाम नाही. ती मुलगी म्हणून वाढली आहे, तिचं मन मुलीचं आहे. तिला ‘तू खरं तर मुलगा आहेस’ असं कुणीही, कुणी डॉक्टरनेही, सांगू नये.

३. वयात येण्याची सुरुवात मिशीपासून होत नाही.

मुलगा वयात येतोय याची पहिली खूण म्हणजे वृषणं वाढणं. आम्ही ती मण्यांच्या माळेने मोजतो. एक मिलिलिटरपासून पंचवीस मिलिलिटरपर्यंतचे अंडाकृती मणी दोऱ्यात ओवलेले असतात; स्वित्झर्लंडच्या आंद्रेआ प्राडर यांनी ही माळ रूढ केली. चार मिलिलिटरचा मणी जुळला की समजायचं, मेंदूने इशारा दिला आहे. हे साधारण नऊ ते चौदा या वयात कधीही होऊ शकतं. मिसरूड आणि फुटलेला आवाज त्यानंतर बऱ्याच काळाने येतात.

मुलींची उंची लवकर वाढते, मुलांची सुमारे दोन वर्षं उशिरा. सातवी-आठवीच्या वर्गात मुली उंच आणि मुलगे बुटके दिसतात ते यामुळे. पहिल्या बाकावरच्या मुलाला घेऊन आई येते तेव्हा मी आधी वडिलांकडे वळते. ‘तुम्ही कधी उंच झालात हो?’ पुष्कळदा उत्तर येतं, ‘अकरावी-बारावीत, मॅडम. एकदम.’ अशा घरात मुलाचं घड्याळही सावकाश चालतं. हाडांचं वय बघण्यासाठी मनगटाचा एक्स-रे काढायचा आणि वाट पाहायची. उंची वाढवण्याच्या पावडरीचा इथे काही उपयोग नाही.

हाडांची वाढ थांबवतं ते मुख्यतः इस्ट्रोजेन, मुलग्यांमध्येसुद्धा. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तोच हाडांची टोकं बंद करतो. १९९४ मध्ये एका अमेरिकी पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. अठ्ठावीस वर्षांचा, २०४ सेंटिमीटर उंच, आणि अजून वाढतच होता, कारण त्याच्या पेशींना इस्ट्रोजेन ओळखताच येत नव्हतं. वडिलांच्या लवकर बडवलेल्या खोंडाचे पाय लांब का व्हायचे, याचंही उत्तर हेच.

टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होण्याचा एक परिणाम असा आहे की त्याबद्दल कुणी मुलांना आधी सांगतच नाही. वयात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलग्यांच्या स्तनाग्रांखाली गाठ येते, छाती थोडी फुगते, दुखतेही. हे अगदी सामान्य आहे, आणि बहुतेकांत वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. पण तेवढा काळ तो मुलगा काय सोसतो! पोहायला जायचं बंद करतो. उन्हाळ्यातही शर्टाखाली दोन बनियन घालतो. खांदे पुढे झुकवून चालतो. वर्गातली मुलं त्याला मुलीच्या नावाने हाका मारतात, आणि एखादा शिक्षकही त्यावर हसतो. माझ्यासमोर बसून शर्टाचं पहिलं बटण काढतानाच रडू फुटलेली मुलं मी पाहिली आहेत. ‘अरे, तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हे झालंय किंवा होणार आहे,’ एवढं वाक्य ऐकून त्याचा चेहरा बदलतो. हे वाक्य त्याला घरीच ऐकायला मिळायला हवं होतं.

४. टेस्टोस्टेरॉन आल्याने माणसाचा स्वभाव उलटत नाही.

एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी काही मुलं येतात, ज्यांचा आवाज फुटलेला नसतो, दाढी नसते, चेहरा बारा वर्षांच्या मुलाचा असतो. मी विचारते, ‘शेजारी कांदाभजी तळली तर तुला वास येतो का?’ मुलगा गोंधळतो. आई मध्येच बोलते, ‘याला लहानपणापासून वासच येत नाही, मॅडम. पण त्याचा इथे काय संबंध?’ संबंध जवळचा आहे. मेंदूतल्या ज्या पेशी वयात येण्याचा इशारा देतात, त्या गर्भात नाकाजवळ जन्मतात आणि वासाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूत चालत जातात. काही मुलांत ती वाट नीट बनतच नाही. वास नाही आणि तारुण्यही नाही. याला कालमन सिंड्रोम म्हणतात.

उपचार सोपा आहे: टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, लहान मात्रेपासून सुरुवात करून हळूहळू वाढवत. पुढे मूल हवं असेल तेव्हा वेगळी इंजेक्शनं द्यावी लागतात. मला यातून जे शिकायला मिळालं ते इंजेक्शनांच्या पलीकडचं आहे. इतरांत जे चार-पाच वर्षं पसरून होतं, ते इथे दोन-तीन वर्षांत डोळ्यांसमोर घडतं. आवाज खाली उतरतो, खांदे रुंदावतात, दाढी येते, लैंगिक इच्छा जागी होते. हिमोग्लोबिनसुद्धा वाढतं. घरचे दबकत विचारतात, ‘आता हा चिडका होईल का?’ मी पाहिलेली शांत मुलं उपचारानंतरही शांतच राहिली. आधी चिडखोर असलेला नंतरही चिडखोर राहिला. बदल झाला तो उभं राहण्यात आणि बोलण्यात: आधी आईच्या मागे बसणारा मुलगा स्वतः खुर्ची पुढे ओढून बसू लागला, स्वतःची तक्रार स्वतः सांगू लागला. आपल्यालाही इथे जागा आहे, आपल्यालाही मान हवा, अशी इच्छा त्याच्यात दिसू लागली.

५. ‘त्याचं रक्तच गरम आहे’ हे कारण मला मान्य नाही.

बायकोला मारणाऱ्या नवऱ्याची आई माझ्यासमोर म्हणते, ‘पुरुषाची जात, मॅडम. रक्तच गरम.’ एकदा एका घरच्यांनी तर ‘त्याचं हार्मोन जास्त आहे का बघा, मग औषध द्या’ असा आग्रह धरला. मी तपासलं. पातळी त्या वयाच्या कुठल्याही माणसासारखी होती. माणसांत रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि हिंसक वागणं यांचा संबंध फार क्षीण आहे. जिममध्ये भरमसाट मात्रेत स्टेरॉइड घेणाऱ्या काहींत चिडचिड आणि संताप वाढतो हे खरं, पण तो गोळ्या-इंजेक्शनांचा मामला आहे.

टॅलापॉइन माकडांवरचा एक प्रयोग रॉबर्ट सापोल्स्की यांच्या लिखाणामुळे पुष्कळांना माहीत झाला. टोळीतल्या मधल्या पायरीवरच्या नराला भरपूर टेस्टोस्टेरॉन दिलं. त्याचं भांडण वाढलं, पण कुणाशी? खालच्या पायरीवरच्यांशी. वरच्यांपुढे तो पूर्वीइतकाच दबून राहिला. मला यात घरातला तो नवरा दिसतो. साहेबापुढे त्याचं रक्त गरम होत नाही, फौजदारापुढे होत नाही, घरी आल्यावरच होतं. ज्याला कुठे भडकायचं आणि कुठे नाही हे एवढं अचूक कळतं, त्याच्या वागण्याची जबाबदारी संप्रेरकावर टाकता येत नाही.

त्याहून बोलका प्रयोग झुरिकचा आहे, २०१० चा. क्रिस्टोफ आयझेनएगर आणि एर्न्स्ट फेर यांच्या गटाने काही स्त्रियांना टेस्टोस्टेरॉनची एक मात्रा दिली, काहींना साधं औषधहीन द्रव्य. मग पैशांच्या वाटणीचा खेळ खेळवला. एकीने वाटणी सुचवायची, दुसरीने मान्य केली तर पैसे, नाकारली तर दोघींना काहीच नाही. टेस्टोस्टेरॉन मिळालेल्या बायकांनी जास्त न्याय्य वाटणी सुचवली. आणि ज्यांना आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळालंय असं नुसतं वाटत होतं, त्यांनी कमी न्याय्य सुचवली. म्हणजे संप्रेरकाने त्यांना समोरचीचा मान राखून आपलाही राखायला लावलं, आणि संप्रेरकाबद्दलच्या समजुतीने स्वार्थी बनवलं. २०१६ मध्ये पुरुषांवर झालेल्या अशाच एका अभ्यासात टेस्टोस्टेरॉन मिळालेल्यांनी अन्याय करणाऱ्याला जास्त शिक्षा दिली आणि उदार माणसाला जास्त बक्षीस दिलं.

माझं मत यावर बनलं आहे. टेस्टोस्टेरॉन मानाची भूक वाढवतं. मान कशाने मिळतो, हे चौक ठरवतो, घर ठरवतं, शाळा ठरवते.

६. तालीम बघा.

कोल्हापूरच्या तालमीत पहाटे जा. सोळा ते पंचवीस वयाची पोरं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा सगळ्यात भरलेला काळ. लाल मातीत जोर-बैठका, खुराक, लढत. एकमेकांना आपटणं हेच तिथलं काम. तरी वस्तादाच्या एका शब्दाने सगळे थांबतात, कुस्ती सुटली की हात मिळवतात, हरलेला जिंकलेल्याला उराशी धरतो. तिथे मान मिळतो तो घाम गाळणाऱ्याला आणि शिस्त पाळणाऱ्याला. शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारलं तेव्हा कुणी रक्त तपासत नव्हतं, पण तरण्या पोरांच्या या भुकेला काय वाढायचं हे त्यांना नक्की ठाऊक होतं.

जिंकल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढतं, हरल्यावर उतरतं. बघणाऱ्यांचंसुद्धा. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाचा ब्राझील-इटली अंतिम सामना बघणाऱ्या चाहत्यांची लाळ तपासली गेली. ब्राझीलवाल्यांची पातळी चढली, इटलीवाल्यांची पडली. म्हणून मला चौकातल्या टाळ्या महत्त्वाच्या वाटतात. मोटारसायकलचा सायलेन्सर काढून फिरणाऱ्याला शिट्ट्या मिळत असतील तर पोरं तेच करणार.

७. बाळ मांडीवर घेतलं की पातळी उतरते, आणि ते चांगलं आहे.

फिलिपीन्समधल्या सेबू इथे ली गेटलर यांच्या गटाने ६२४ तरुणांवर काही वर्षं नजर ठेवली आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन सुरुवातीला जास्त होतं, त्यांना पुढे जोडीदार आणि मूल मिळण्याची शक्यता जास्त होती. बाप झाल्यावर त्यांचीच पातळी खाली आली, आणि रोज तीन तास किंवा जास्त वेळ बाळाचं करणाऱ्यांची सगळ्यात कमी होती. निसर्गानेच बापाला बाळाजवळ बसण्याची सोय करून ठेवली आहे. रात्री बाळाला खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या तरुण बापाने हे बायकी काम म्हणून लाजू नये.

८. टेस्टोस्टेरॉन बायकांचंही आहे.

बीजकोश आणि अधिवृक्क ग्रंथी ते बनवतात, पुरुषांच्या मानाने फार कमी, पण बनवतात. पीसीओडी या बीजकोशांच्या विकारात ते वाढतं. हनुवटीवर जाड केस, मुरुमं, लांबलेली पाळी. मुलगी दर आठवड्याला थ्रेडिंगला जाते, घरात स्थळं बघायला सुरुवात झालेली असते, आणि आई हळू आवाजात विचारते, ‘हिच्यात काही पुरुषी तर नाही ना?’ नाही. वाढलेलं इन्सुलिन बीजकोशाला जास्त पुरुष-संप्रेरक बनवायला लावतं. वजन, झोप, व्यायाम आणि गरज पडली तर गोळ्या, यांनी ते आटोक्यात येतं. अशी मुलगी आई होऊ शकते.

आणि माझ्याकडे ट्रान्स पुरुषही येतात, जन्माच्या दाखल्यावर मुलगी अशी नोंद असलेले. टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर काही महिन्यांत पाळी थांबते, आवाज उतरतो, दाढी येऊ लागते. उतरलेला आवाज औषध थांबवलं तरी परत चढत नाही, म्हणून सुरू करण्याआधी मी सविस्तर बोलते. त्यांतले अनेक जण सांगतात की पूर्वीसारखं पटकन रडू येत नाही. पण आईवर जीव टाकणारा पूर्वीइतकाच आईवर जीव टाकतो.

९. जिममधली ‘सायकल’ वंध्यत्व देऊन जाते.

लग्नाला दोन वर्षं झालेलं जोडपं. बायकोच्या सगळ्या तपासण्या होऊन चुकलेल्या, सासू तिलाच बोल लावते आहे. नवऱ्याचं शरीर पिळदार, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कमाल मर्यादेच्या वर, आणि वीर्यात शुक्राणू शून्य. ‘काही घेतलं होतं का?’ तो बायकोकडे बघतो. ती बाहेर गेल्यावर सांगतो, ‘मॅडम, ट्रेनर म्हणाला, एक सायकल मार, काही होत नाही.’

सायकल म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचा एक फेरा. त्यात होतं ते असं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूखालची पीयूष ग्रंथी समजते, पुरेसं आहे. ती वृषणांना इशारा देणं थांबवते. वृषणं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं बंद करतात, आणि शुक्राणू बनायला रक्तातलं पुरत नाही, वृषणाच्या आतलं भरपूर लागतं. वृषणं बारीक होतात, शुक्राणू संपतात. हा परिणाम इतका खात्रीचा आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनाच्या चाचण्या घेतल्या होत्या आणि त्या चांगल्याच लागू पडल्या होत्या. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचं परत सुरू होतं, पण काही महिने ते दोन वर्षंही लागतात, आणि काहींचं पूर्ण भरून येत नाही. शिवाय रक्त घट्ट होतं, चांगलं कोलेस्टेरॉल पडतं. डॉक्टरच्या चिठ्ठीविना हे विकणाऱ्या ट्रेनरवर कारवाई व्हायला हवी. आणि मूल होत नसेल तर पहिली तपासणी नवऱ्याची व्हावी. ती सगळ्यात स्वस्त आणि सोपी आहे.

१०. पन्नाशीतला थकवा बहुधा टेस्टोस्टेरॉनचा नसतो.

तिशी-चाळिशीनंतर पातळी दरवर्षी साधारण एक टक्क्याने उतरते. आरोग्य तपासणीच्या पॅकेजच्या रिपोर्टवर लाल अक्षरात एक आकडा येतो आणि माणूस इंजेक्शन मागत येतो. मी पहिल्यांदा विचारते, रक्त किती वाजता दिलं? सकाळी ते सगळ्यात जास्त असतं, दुपारी उतरतं. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासल्याशिवाय निदान करायचं नसतं. मग पोटाचा घेर, साखर, घोरणं, झोप. शिकागोमध्ये निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तेव्हा त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरलं. ज्याला खरी कमतरता आहे त्याला उपचार जरूर द्यावा. २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा झटका वाढलेला दिसला नाही, पण हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसातल्या गुठळ्या थोड्या वाढल्या. नुसत्या थकव्यासाठी हे घेऊ नये.

११. मुलग्यांशी कुणी बोलत नाही.

एसटी स्टँडच्या मागच्या भिंती वाचत जा. धातू जाणं, स्वप्नदोष, हस्तमैथुनाने आलेला अशक्तपणा, सगळ्यांवर हमखास इलाज. वीर्याचा थेंब म्हणजे रक्ताचे कितीतरी थेंब, या समजुतीवर हा धंदा उभा आहे. वीर्य रोज बनतं, साठून राहत नाही, झोपेत बाहेर पडणं हे वयात येण्याचं लक्षण आहे आणि त्याने ताकद जात नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक विषयांवर मराठीत उघडपणे लिहिलं, त्यासाठी खटले सोसले. तरी आजही एकोणीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा मुलगा माझ्यासमोर खाली मान घालून हेच विचारतो, आणि तोवर भिंतीवरच्या वैद्याला बरेच पैसे देऊन आलेला असतो.

मुलींशी पाळीबद्दल आता शाळेत कुणीतरी बोलतं. मुलग्यांना एकट्यानेच शोधावं लागतं, आणि त्यांना सापडतो तो मोबाइलमधला अश्लील व्हिडिओ किंवा ही भिंत. म्हणून बापांना माझी विनंती आहे. मुलगा दहा-अकरा वर्षांचा झाला की तुम्ही स्वतः त्याच्याशी बोला. आवाज फुटेल, छातीत गाठ येऊ शकेल, झोपेत कपडे ओले होतील, राग लवकर येईल, मुली आवडू लागतील, हे सगळं होणार आहे आणि हे नॉर्मल आहे, असं सांगा. राग आला म्हणून हात उचलणं नॉर्मल नाही, हेही त्याच दिवशी सांगा. नऊ वर्षांच्या आत वयात आल्याच्या खुणा दिसल्या, किंवा चौदा पूर्ण होऊनही एकही दिसली नाही, तर थांबू नका, डॉक्टरकडे घेऊन या. दोन्हींवर उपचार आहेत आणि ते वेळेत सुरू झाले तर उत्तम लागू पडतात.